ऐपतीचा दाखला

सरकारी कामांचा ठेकेदार व्हायचे तर आधी नोंदणी लागते, एवढेच मला ठाऊक होते. २०१८ सालच्या जून महिन्यात, पेरणीमुळे निम्मे गाव शेतात असताना, मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन कागदांची यादी लिहून आणली आणि रात्री जेवणे झाल्यावर बाबांना वाचून दाखवली. पॅन कार्ड, जीएसटीचा क्रमांक, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सनदी लेखापालाच्या सहीचा ताळेबंद, पदविकेचे प्रमाणपत्र, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला, मिक्सर आणि व्हायब्रेटर स्वतःचे की भाड्याचे याचा पुरावा, शपथपत्र, आणि ऐपतीचा दाखला. बाबा ओसरीवर बसून तंबाखू मळत ऐकत होते. यादी संपली तरी अजून काही यायचे असेल म्हणून ते थांबून राहिले, आणि मग म्हणाले, "भिंतीचं काही इचारलं नाई त्याहीनं?"

"नाही."

"वळंब्याचं?"

भिंत उभी सरळ आहे का हे दोरीला टांगलेल्या ज्या वजनाने पाहतात, तो वळंबा. मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांनी तंबाखू दाढेखाली धरली आणि त्या रात्री त्या विषयावर ते आणखी काही बोलले नाहीत.

गवंडी हा शब्द आमच्या भागात सरकारी कागदावर भेटतो; बोलताना सगळे मिस्तरीच म्हणतात. बाबा सोळाव्या वर्षी त्यांच्या मामांच्या हाताखाली लागले आणि पहिली काही वर्षे त्यांनी फक्त गारा कालवला. थापी हातात मिळाली ती त्यानंतर. आमची माय त्यांच्याच कामांवर रेजा होती. डोक्यावर घमेले घेऊन परांचीवर चढताना तिने मला कधी पाठीशी बांधले असेल, तर कधी बांबूला बांधलेल्या झोळीत ठेवले असेल. आजूबाजूच्या सहा-सात खेड्यांत बाबांनी किती घरे बांधली याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नाही. मात्र लग्नाच्या पंगतीला कुठल्याही गावी गेले की ते आधी मांडवाकडे न पाहता जवळच्या घराच्या कोपऱ्याकडे पाहतात, एक डोळा मिटतात, आणि जेवायला बसल्यावर माझ्या कानात सांगतात की तो कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही.

मी गावच्या शाळेतून तालुक्याला आणि तिथून शासकीय तंत्रनिकेतनात गेलो, स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि एका खासगी बांधकाम कंपनीत बारा वर्षे पगारावर राबलो. ठेकेदारीच्या वाटेवर माझ्यासारख्यांसाठी एक वेगळे दार आहे. आपल्याकडे लहान सरकारी कामांचे वाटप करताना ३३ टक्के कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, अशी विभागणी तेव्हा चालत आली होती, आणि कोणाच्या वाट्याला कोणते काम येणार हे पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून ठरत असे. मित्रांचा सल्ला होता की नोकरी सोड, बेरोजगार असल्याचे शपथपत्र कर आणि पहिल्या दारातून आत जा. पण महिन्याचा पगार खात्यात जमा झालेला असताना बेरोजगार असल्याची शपथ घ्यायला जीभ वळेना, आणि नोंदणी हातात येण्याआधी नोकरी सोडण्याची छाती नव्हती. म्हणून मी खुल्या दारात, सर्वात खालच्या वर्गाच्या रांगेत उभा राहिलो. मोठेपणाचा त्यात काही भाग नव्हता. भित्रेपणाचाच अधिक होता.

या सगळ्या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा अडवत राहिली, ती इथेच सांगून टाकतो. खासगी घर बांधणाऱ्या माणसाला आपल्याकडे ते बांधण्याचा कोणताही परवाना लागत नाही. नगर परिषदेच्या हद्दीत घराचा नकाशा वास्तुविशारदाच्या किंवा परवानाधारक अभियंत्याच्या सहीने दाखल करावा लागतो. वास्तुविशारदांसाठी तर १९७२ पासून स्वतंत्र कायदाच आहे. पण त्या नकाशाबरहुकूम सळई बांधणारा, विटा रचणारा, स्लॅब टाकणारा माणूस कोण आहे आणि त्याला काय येते, याची विचारपूस कोणी करत नाही. ज्या छपराखाली चार माणसे रात्री निजतात ते उभारायला थापी आणि ओळखी पुरेशा होतात, आणि गावची सांडपाण्याची नाली बांधायची तर मात्र ताळेबंदापासून चारित्र्यापर्यंत सगळे दाखवावे लागते, कारण नालीत सरकारचा पैसा असतो. हे तर्काला धरून आहे, मला मान्य आहे. तरीही नोंदणी या शब्दाला आपण जे वजन देतो, ते वजन नेमके कशाचे आहे हे त्या निमित्ताने तपासून पाहावेसे वाटले.

बाबांना काय येते, हे सांगायचे तर पायापासून सुरुवात करावी लागेल. आमचा मुलूख काळ्या मातीचा. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिला अशा भेगा पडतात की त्यात उभी घातलेली तुरीची काडी हातभर आत जाते. कपाशीला जे मानवते तेच घराला बाधते. पाया या मातीत राहिला तर घर दर वर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. तंत्रनिकेतनात आम्हाला यावर उपाय म्हणून खालच्या टोकाला फुगीर गोळा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, शिकवले होते, ज्यांची पद्धत भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. बाबांना तो भाग माहीत नव्हता. ते खड्डा खणवून घेत, संध्याकाळी त्यात चार-पाच बादल्या पाणी ओतून घरी येत, आणि सकाळी जाऊन पाहत. पाणी तसेच उभे असेल आणि खालची माती लोण्यासारखी झाली असेल तर आणखी खणायचे. पाणी जिरले असेल तर सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खड्ड्यात उतरायचे आणि चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ती सोडायची. काळी माती सब्बल मुकाट्याने गिळते. मुरमावर ती पडली की हाताला झिणझिणी येते आणि आवाज कोरडा येतो. तो आवाज पाचही ठिकाणी आल्याशिवाय दगड खाली जात नसे. आणि पाया झाल्यावर बाजूच्या खाचेत निघालेली काळी माती परत लोटायला ते कोणाला देत नसत. तिथे मुरूमच लागे. मालक कुरकुर करत, कारण मुरमाचे ट्रॅक्टर विकत आणावे लागते आणि माती तर समोर ढिगाने पडलेली असते. या एका कारणावरून बाबांच्या हातची किमान तीन कामे गेलेली मला ठाऊक आहेत.

यातले काहीही अर्जात बसत नव्हते. अनुभवाचे दाखले वरच्या वर्गांसाठी लागतात, तेही सरकारी कामांचे आणि कार्यकारी अभियंत्याच्या सहीचे. खासगी घरे त्यात धरत नाहीत, असे मला खिडकीवर सांगण्यात आले. बाबांचे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे काम त्या खिडकीपुरते झालेलेच नव्हते. माझी बारा वर्षेही दुसऱ्याच्या नावावर होती. उरली ती ऐपत.

ऐपतीचा दाखला स्थावर मिळकतीवर मिळतो. मी तहसीलमध्ये बाबांचे राहते घर दाखवले. ते त्यांनी स्वतः, टप्प्याटप्प्याने, दुसऱ्यांच्या कामांतून सुटी मिळेल तसे बांधलेले; पाया साडेपाच फूट, भिंती पक्क्या विटांच्या, आणि आजतागायत एकही चीर नाही. पण घर गावठाणात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या वहीत कर आकारणीपुरती त्याची एक ओळ असते, आणि त्या ओळीत आमचे घर कोणे एके काळचे मातीचे म्हणूनच लिहिलेले होते. कर कमी बसतो म्हणून बाबांनी ते कधी दुरुस्त करून घेतले नव्हते. ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. माझ्या अर्जाच्या वेळी आमच्याकडे असे काही आलेले नव्हते. थोडक्यात, आमच्या पंचक्रोशीतले सर्वात पक्के घर ऐपतीच्या हिशेबात मातीचे निघाले.

मग राहिली साडेतीन एकर कोरडवाहू. सातबारा काढला तर इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या पीक कर्जाचा बोजा. ते कर्ज २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत माफ झाले होते; ती दीड लाखापर्यंतच्या थकबाकीची माफी होती आणि आमची रक्कम तिच्या बरीच खाली होती. बाबांना तसा निरोपही आला होता. कर्ज गेले होते, बोजा राहिला होता. तो उतरवायचा तर सोसायटीचा बेबाकीचा दाखला, तलाठ्याकडे अर्ज, फेरफाराची नोंद, नोटिशीचे पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, एवढे सगळे व्हावे लागते. सोसायटीचे सचिव चार गावांना मिळून एकच होते आणि ते ज्या दिवशी आमच्या गावी यायचे त्या दिवशी नेमका पोळा आला, म्हणून आणखी एक आठवडा गेला. त्या जमिनीत त्या वर्षी तूर आणि कपाशी उभी होती. बाबांनी आयुष्यभर तिच्याकडे लक्ष दिले नाही, ती बटईने दिलेली असे. त्यांच्या लेखी ती वडिलांनी ठेवलेली एक आठवण होती. पण त्यांची, आणि त्यांच्यामुळे माझी, जी काही ऐपत सरकारला दिसली ती त्या जमिनीचीच.

मित्राचा मिक्सर मी भाड्याने घेतल्याचा करारही अर्जाला जोडला. खरे सांगायचे तर ज्या दिवशी आम्ही त्यावर सह्या केल्या त्या दिवशी तो मिक्सर दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच ठेकेदाराच्या कामावर फिरत होता, आणि त्या ठेकेदारानेही तोच मिक्सर आपल्या नोंदणीला दाखवलेला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी एक गृहस्थ उभे असत, जे सगळी फाईल अमुक इतक्या रुपयांत पूर्ण करून देतो म्हणत. मी त्यांच्याकडे गेलो नाही, याचा मला काही काळ अभिमान होता. मिक्सरचा करार आठवला की तो कमी होतो.

नोंदणीचे पत्र हातात आले तेव्हा कापसाची वेचणी सुरू झाली होती. एक पान, त्यावर क्रमांक, वर्ग आणि मुदत. मायने ते देवापुढे ठेवले. बाबांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिले; मागची बाजू कोरी होती. मी पुढच्या महिन्यात राजीनामा दिला.

परवाना मिळाल्यावर काम मिळते असे समजणाऱ्यांपैकी मी एक होतो. आता निविदा ऑनलाइन भरायच्या असतात आणि त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी लागते, जी पेन ड्राइव्हसारख्या एका लहानशा वस्तूत येते. तालुक्याच्या ठिकाणी एक मुलगा हे भरण्याचे काम करतो. त्याच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर एका फळीला खिळे ठोकलेले दिसले आणि प्रत्येक खिळ्याला अशी एकेक वस्तू टांगलेली, खाली पट्टीवर ठेकेदाराचे नाव. मी मोजल्या, सोळा होत्या. सोळा जणांच्या सह्या त्या पोराच्या स्वाधीन करून ते सोळा जण आपापल्या कामावर निवांत होते, आणि पासवर्डही त्यालाच पाठ होते. मला त्याने विचारले, "भाऊ, तुमची ठेवून जाता का?" मी नाही म्हणालो, तर तो जरा दुखावला.

निविदेचे जुने नमुने अजून चालतात. बी-१ नमुन्यात अंदाजपत्रकाच्या किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करू एवढेच सांगायचे असते. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायचा असतो. माझ्या पहिल्या पाच निविदा गेल्या. मी हिशेब करून चार टक्के, सहा टक्के कमी भरत होतो आणि लिफाफा उघडला की कोणीतरी बावीस, कोणीतरी सव्वीस टक्के कमी. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी अगदी प्रामाणिक कुतूहलाने विचारले, "सव्वीस टक्के कमी म्हंजे काय कमी करते थे? सिमेंट का लोखंड?" याचे उत्तर मला माहीत होते, पण मी ते दिले नाही. उत्तर असे, की कधी सिमेंट, कधी लोखंड, बहुतेकदा पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी, आणि काही वेळा खरोखरच काही नाही, फक्त पुढचे काम मिळावे म्हणून घरचे दागिने.

सहावी निविदा लागली. बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात अंगणवाडीची इमारत: एक खोली, स्वयंपाकाची जागा, व्हरांडा, शौचालय. काम २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि स्लॅब यायला एप्रिलची अखेर झाली. तोवर ऊन पंचेचाळीस अंशांवर गेले होते, गावची विहीर आटली होती आणि बांधकामाला पाणी टँकरने विकत येत होते. बाबा कामावर येत. त्यांचे नाव हजेरीपटावर नव्हते. साठी उलटलेल्या माणसाला मी कशाला राबवू, असे मी म्हणे आणि ते न ऐकल्यासारखे करत. स्लॅब पहाटे चारला सुरू करायचा हा निर्णय त्यांचाच, कारण दहा वाजल्यानंतर सळईला हात लावता येत नव्हता आणि माल पाटीतून ओतेपर्यंत घट्ट होत होता.

सरकारी कामात काँक्रीटचे ठोकळे भरून प्रयोगशाळेत द्यावे लागतात. बाबांनी हे कधी केले नव्हते. खासगी घराचे ठोकळे कोण भरतो? पंधरा सेंटिमीटरचा लोखंडी साचा, आतून तेल लावलेला. माल तीन थरांत भरायचा, आणि सोळा मिलिमीटर जाडीच्या गोल टोकाच्या सळईने प्रत्येक थर किमान पस्तीस वेळा ठोसायचा, असे मानक सांगते. मी त्यांना हे एकदा सांगितले. ते उकिडवे बसले, सळई दोन्ही हातांत धरली आणि मोठ्याने मोजू लागले. पहिला थर, पस्तीस. दुसरा थर, पस्तीस. प्रत्येक ठोसा आधीच्याच्या शेजारी, कडेकडेने गोल फिरत मध्यापर्यंत. मोजताना मध्ये कोणी हाक मारली तर त्या थराची मोजणी पुन्हा एकपासून. तिसरा थर झाल्यावर साच्याच्या बाजूंवर थापीच्या मुठीने हलके ठोके दिले, वर आलेले बुडबुडे फुटू दिले, आणि थापी आडवी ओढून तोंड सपाट केले. मी पदविकेत हे ठोकळे डझनांनी भरले होते आणि माझ्यासह कोणीही कधी पस्तीस मोजले नव्हते. सात दिवसांच्या चाचणीसाठी तीन, अठ्ठावीस दिवसांच्यासाठी तीन. माल उरला होता म्हणून बाबांनी एका गंजलेल्या, कडा किंचित पोचलेल्या साच्यात सातवाही भरला. "त्याचं काय करायचं?" मी विचारले. "राहू दे," ते म्हणाले.

स्लॅबवर त्यांनी सिमेंटच्या गाऱ्याचे बोटभर उंचीचे बांध घालून वाफे पाडले, भाजीच्या मळ्यात पाडतात तसे, आणि त्यात पाणी भरून वर तरटे टाकली. उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक ४५६ म्हणते. बाबा चौदा दिवस म्हणाले आणि पाणी मारायला दुपारी स्वतः थांबले, कारण दुपारी दुसरे कोणी तिथे थांबत नाही हे त्यांना पक्के माहीत होते. आमचे भांडण झाले ते सेंट्रिंगवरून, म्हणजे स्लॅब पक्का होईपर्यंत त्याला खालून दिलेल्या आधारावरून. प्लेटा आणि टेकू भाड्याचे, रोजचे पैसे चढत होते. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात, आणि आमची खोली लहान होती. मी त्यांना पान उघडून दाखवले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुह्या पुस्तकात टँकरचं पाणी लेहेलं हाये का?" टेकू एकविसाव्या दिवशी निघाले. भाड्याचे ते जादा दोन आठवडे माझ्या नफ्यातून गेले आणि नफा तसाही फार नव्हता.

अठ्ठावीस दिवसांचा अहवाल आला तेव्हा तिन्ही ठोकळे पास झाले होते. एम-२० काँक्रीटसाठी दर चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन लागतात. पंधरा सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर हे ओझे पंचेचाळीस टनांहून थोडे अधिक भरते. न्यूटन बाबांना सांगून उपयोग नव्हता. मी म्हणालो, साडेचारशे क्विंटल कापूस त्या एवढ्याशा ठोकळ्यावर ठेवला तरी तो फुटणार नाही. ते हसले. आमच्या गावच्या जिनात एका वेळी एवढा कापूस त्यांनी कधी पाहिला असेल की नाही कोणास ठाऊक.

काम जूनमध्ये पूर्ण झाले आणि बिल तिथेच राहिले. मोजमाप पुस्तिकेत नोंदी झाल्या, सह्या झाल्या, पण निधी नव्हता. मग पावसाळा, मग निवडणुकीची आचारसंहिता. मजुरांचा चुकारा मात्र दर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारच्या आत द्यावाच लागतो, कारण संध्याकाळी त्यातूनच घरात तेल-मीठ येते. तो मी बायकोचे दागिने गहाण ठेवून आणि एका नातेवाइकाकडून उसने घेऊन दिला होता. शेवटी पैसे आले ते कपातीसह: आयकर एक टक्का, जीएसटीचे दोन टक्के, कामगार उपकर एक टक्का, सुरक्षा अनामत, आणि रेतीच्या दोन गाड्यांच्या वाहतूक पावत्या माझ्याकडून हरवल्या होत्या त्यांचे स्वामित्वधन. बिलाची वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत मला अर्जातला तो रकाना कळला. ऐपतीचा दाखला मागताना ते कार्यालय मला बांधता येते का असे विचारतच नव्हते. पैसे येईपर्यंत तुला आणि तुझ्या मजुरांना तग धरता येईल का, एवढेच विचारत होते. प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याच्याकडे साडेतीन एकर नाहीत अशा मिस्तरीला तो विचारण्याची गरजही पडत नाही, एवढेच काय ते. बाबा बोलायचे नाहीत, पण चाळीस वर्षांत त्यांना सरकारी काम घ्यावेसे कधी वाटले नसेल असे नाही. मायने एकदा सांगितले की लहान शाळेच्या दुरुस्तीचे काम त्यांनी विचारले होते, आणि त्यांना "आधी नोंदणी आणा" असे सांगून परत पाठवले होते. मग ते काम ज्याला मिळाले त्याने ते बाबांनाच रोजीवर करायला लावले.

नोंदणी झाल्यावर माझ्याकडे माणसे येऊ लागली, ती मात्र कामासाठी नव्हे. तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे बांधकाम कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंद व्हायची असेल तर मागच्या वर्षभरात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागत असे, आणि तो देणाऱ्यांत ठेकेदार येत असे. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, अपघाताची मदत, सगळे त्या नोंदीवर अवलंबून. माझ्या अंगणवाडीच्या कामावर असलेल्या रेजा, बिगारी, सेंट्रिंगवाले, सगळ्यांना मी दाखले दिले. मग ज्यांनी माझ्याकडे एक दिवसही काम केले नव्हते असे लोक यायला लागले, आणि त्यांतले काही खरोखरचे मजूर होते, ज्यांना त्यांच्या ठेकेदारांनी सही द्यायला नकार दिलेला. कोणाला सही द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवताना माझी जी अवस्था होते ती मी त्या नोंदणीच्या खिडकीमागच्या बाबूच्या चेहऱ्यावर पाहिली होती. तेव्हा मला तो माजोरी वाटला होता.

एका रात्री दाखले लिहीत बसलो असताना माय म्हणाली, "तुह्या बापालेही एक लिहून दे ना." मी नियम वाचलेला होता. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि साठ पूर्ण झालेली नसावीत. बाबांचे तेव्हा त्रेसष्टावे सुरू होते. त्यांच्यासाठी सही करू शकेल असा ठेकेदार घरात आला तो उशिरा. मी मायला तसे सांगितले. बाबा ओसरीवरच होते, त्यांनी ऐकले असणार. ते उठून पाणी प्यायला गेले.

मायचे मात्र अठ्ठावन्न होते. तिने अंगणवाडीच्या कामावर विटा वाहिल्या होत्या, मी नको म्हणत असताना. तिचा दाखला मी लिहिला आणि कामाच्या स्वरूपाच्या रकान्यात काय लिहावे म्हणून थांबलो, तर ती म्हणाली, "रेजा लिही. दुसरं काय लिहितं?"

तो सातवा ठोकळा बाबांनी घरी आणला. चाचणीच्या सहा ठोकळ्यांवर त्यांनी ओल्या मालात खिळ्याने तारीख आणि माझे नाव कोरले होते, प्रयोगशाळेला ते लागते म्हणून. सातव्यावर तारीखच आहे, आणि तिच्या खाली थापीचे एक वेडेवाकडे चित्र. तो आता अंगणात, निंबाच्या सावलीत, माठाखाली असतो. माठ पाझरतो, त्यामुळे ठोकळा अजूनही ओलाच राहतो.